बुटातली पुरचुंडी

विहीणबाई, तुमचा एक टोमणा यायचा राहिला आहे. तो कधीतरी येणार हे धरून मी तीन वर्षं तयारीत होते. फोनवर तुमचा आवाज आला की खुर्चीत जरा ताठ बसायची. दिवाळीच्या फराळाचं बोलणं चाललेलं असो की तुमच्या गुडघ्यांचं, मनात एकच: आता म्हणतील. तुम्ही म्हणाला नाहीत. आणि आता तुमचं तेरावंही होऊन गेलं.

तुमची मुग्धा अजून नागपूरहून परतलेली नाही. माझा निखिल बॉथेलला घरी मुलांपाशी आहे आणि मी इथे, अमेरिकेतच पण दूर, शॉमबर्गला लेकीच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी. समोरच्या मेपलवर चार पानं उरली आहेत. हे मी आपल्या नातवंडांसाठी, सई आणि ओमसाठी लिहिते आहे. सईला मराठी वाचायला वेळ लागतो, ओम अजून अक्षरं जुळवतो. लागू दे वेळ. त्यांच्यासाठी लिहिते आहे, पण बोलते आहे तुमच्याशी. तुम्ही असताना जे बोलायला हवं होतं ते आता त्यांच्या समोर बोलते.

तुम्हाला मी कायम ‘विहीणबाई’ म्हटलं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून ‘ताई’ म्हणालात. मी पुण्यातल्या मुलींच्या इंग्रजी शाळेची मुख्याध्यापिका, तुम्ही नागपूरच्या, बोलण्यात ‘करून राहिले, जाऊन राहिले’. माझ्या मुलानं तुमच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगितलं होतं, माणसं चांगली आहेत, जरा मोकळी आहेत. ‘मोकळी’ हा शब्द मी कसा उच्चारला होता ते मला आठवतं.

त्या वर्षी तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी बॉथेलला आलात आणि सहा महिने राहिलात. मीही येऊन-जाऊन होते. सई तेव्हा तेरा वर्षांची, स्कीच्या शर्यती खेळणाऱ्या मुलांच्या संघात. मार्चमधली शेवटची शर्यत आठवते ना? दोन तासांवरचा डोंगर. मी खाली उपाहारगृहात शेगडीजवळ थर्मास आणि पुस्तक घेऊन बसले. तुम्ही बाहेर कुंपणाला टेकून, अंगात निखिलचं जाकीट, खाली पातळ, पायात मुग्धाचे बर्फाचे बूट. ओमनं तुम्हाला सगळं शिकवलं होतं, लाल काठी, मग निळी काठी, एक चुकली की बाद. काचेतून मला तुमचा आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. शेजारच्या एका अमेरिकन बापानं ओमला विचारलं म्हणे, तुझी आजी काय ओरडते आहे? नंतर ओमनं मला सांगितलं, “आय टोल्ड हिम, शी इज कॉलिंग हर अ टायग्रेस.”

मला लाज वाटली होती. पुस्तकात डोकं घातलं. त्यामुळे सई पडली ते मी पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत.

गळपट्टीच्या हाडाला चीर गेली होती. मोठं काही नव्हतं. पण तिचा हात झोळीत पाहिला आणि माझ्यात काहीतरी आक्रसून बसलं. आपला वाद तिथून सुरू झाला आणि तो संपलाच नाही. मी म्हणाले, आता हे डोंगरावरून घसरणं पुरे. तुम्ही म्हणालात, “घसरून कुठं राहिली ताई? उतरून राहिली. घसरणं वेगळं, उतरणं वेगळं.” मी म्हणाले, उद्या मान मोडली तर? तुम्ही म्हणालात, “डोंगर काय कोणाचा दुश्मन आहे का?” मला ते उत्तर देण्यालायकही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात न्यूझीलंडचं निघालं. अमेरिकेत उन्हाळा असतो तेव्हा तिकडे बर्फ असतं, म्हणून ऑगस्टमध्ये संघाला तिकडे नेऊन तीन आठवडे सराव. तिथलं काम पाहून कोच मोठ्या गटात कोणाला घ्यायचं ते ठरवणार होत्या. सईला दुसरं काही सुचत नव्हतं. निखिल डळमळत होता. जेवणाच्या टेबलावर मी माझं म्हणणं मुद्देसूद मांडलं, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. तुम्ही भाताला तूप वाढत म्हणालात, “जावईबापू, पोट्टीच्या तोंडाकडे पाहा अन् ठरवा.” निखिलनं पाहिलं आणि ठरवलं.

त्या संघाची एक पद्धत होती. कोच लिंडा पालकांच्या बैठकीत बोलल्या त्यातलं मला हेच पटलं होतं: आपली बॅग ज्यानं त्यानं भरायची. आईनं नाही, बाबानं नाही. स्की, काठ्या, बूट, मोजे, सगळं मुलानं स्वतः. कारण वर, सुरुवातीच्या रेषेवर, बरोबर कोणी नसतं. आणि दुसरं, खायचं काही घ्यायचं नाही. त्या देशात बाहेरचं अन्न, बी, माती यांवर फार कडक नजर असते. शाळेत मी तीस वर्षं असेच नियम केले होते. मी मान डोलावली.

आणि तरी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, सई धावायच्या सरावाला गेलेली असताना, मी गॅरेजमध्ये गेले.

तिनं बॅग भरून उभी केली होती. किती नीट भरली होती! मी भरली असती तशीच. मी तिच्या डाव्या बुटातले मोजे काढले, आत हात घातला आणि अंगठ्याच्या जागी लाल कापडाची एक पुरचुंडी ठेवली. देवापुढची सुपारी, एक हळकुंड, चिमूटभर अक्षता, आणि लॉनच्या कडेला सापडलेल्या हिरव्या गवताची जुडी. त्या गवताला मी दूर्वा म्हणत होते. मुळाशी थोडी माती होती ती झटकली. मोजे पुन्हा जसेच्या तसे.

मी. शाळेत मुली परीक्षेला अंगारा लावून आल्या की रुमालानं कपाळ पुसायला लावणारी मी. चतुर्थ्या तुम्ही करत होतात, विहीणबाई. पण तुम्ही तिच्या बॅगेला हात लावला नव्हता.

त्याच संध्याकाळी तुम्ही स्टीलचा डबा घेऊन आलात. डिंकाचे लाडू. मी हसले. ऑगस्टमध्ये डिंकाचे लाडू? तुम्ही म्हणालात, “इथं ऑगस्ट. तिथं हिवाळा चालू आहे ना आता? ओम म्हणून राहिला होता.” आणि डबा सईच्या हातात दिलात. मी तो तिच्या हातातून घेतला. सगळ्यांसमोर. फ्रिजवर लावलेल्या संघाच्या सूचना मी मोठ्यानं वाचून दाखवल्या, आधी इंग्रजीत, मग तुमच्यासाठी मराठीत. वर म्हणाले, “आपल्या प्रेमापायी मुलांना परदेशात खाली मान घालायला लागू नये, विहीणबाई. नियम म्हणजे नियम.”

मुग्धाचा चेहरा उतरला. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, “बरोबर आहे ताई. माझ्या ध्यानातच आलं नाही.”

आणि तेव्हा माझी पुरचुंडी बुटात होती. मुलांनो, तुम्हाला वाटेल आजी ढोंगी होती. तसं असतं तर सोपं होतं. खरं सांगते, मला त्यात विसंगती दिसलीच नाही. लाडू म्हणजे खाऊ. सुपारी, हळकुंड, अक्षता म्हणजे देवाचं. ते कोणी खातं का? ते कोणत्याही यादीत बसतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी शिकलेली बाई, आणि डोक्यात दोन कप्पे, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तुम्ही तो डबा घेऊन आलातच. तिथल्या गर्दीत, उंच गोऱ्या पोरांच्या घोळक्यात शिरलात. “घे बेटा. हे घे. बॅगेत नको म्हणतात, पोटात तर चालते ना?” त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. एकानं चावा घेतला, डोळे मोठे केले, आणि मग सगळे हात पुढे. कोच लिंडांनी दोन खाल्ले. मी चार पावलं मागे सरकून उभी होते, तुमच्याबरोबर नसल्यासारखी. सईनं ते पाहिलं. तिनं तुम्हाला मिठी मारली, मग येऊन मला मारली. तिच्या बोटांना तूप लागलं होतं, ते माझ्या शालीला लागलं. मला राग आला होता, हेही लिहून ठेवते.

फोन आला तेव्हा सकाळचा स्वयंपाक चालला होता. तुम्ही पोळ्या लाटत होतात, मी काकडी चोचवत होते. मुग्धानं फोन स्पीकरवर टाकला. कोच लिंडांचा आवाज थकलेला, पण सभ्य. न्यूझीलंडच्या विमानतळावर मुलांचे बूट तपासले, माती आहे का बघायला. सईच्या बुटातून एक लाल गाठोडी निघाली. आत बिया, मुळी, तांदूळ, मातीसकट गवत. अधिकाऱ्यांनी विचारलं, बॅग तू स्वतः भरलीस का? ती म्हणाली, हो. कारण तिनं भरलीच होती. मग हे कोणाचं? ती पुरचुंडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, माझं. बाकी एक शब्द नाही. सगळा संघ तिथे ताटकळला, पुढचं विमान चुकलं. अधिकाऱ्यांनी समज देऊन सोडलं. कोच म्हणाल्या, “ती कोणाला तरी वाचवते आहे, मला कळतंय. पण तिनं खरं सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी ती बर्फावर उतरणार नाही. आय ॲम सॉरी.”

फोन ठेवल्यावर मुग्धा वळली ती तुमच्याकडे. “आई! काय ठेवलंस तू? परवा एवढं सांगितलं होतं ताईंनी.”

तुमचं लाटणं थांबलं. “मी? माझे लाडू तर पोट्ट्यांनी तिथंच संपवले.”

मी म्हणाले, “माझी आहे ती.”

मुग्धाला आधी समजलंच नाही. “काय?”

“पुरचुंडी. मी ठेवली होती.”

मग ती शांतता. चाळीस मुली वर्गात असताना मी अशी शांतता पसरवू शकत असे. तिच्या आत बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला वाटलं, आता. तुमचा हक्क होता. ‘नियम म्हणजे नियम, ताई’, एवढे शब्द पुरले असते. आपल्याकडे विहिणीला एवढी संधी मिळाली तर ती सात पिढ्या पुरवून वापरते. तुम्ही तव्याकडे वळलात. “मुग्धे, पोळी करपून राहिली. गॅस बारीक कर.” आणि पुढची पोळी लाटायला घेतलीत.

निखिलनं संध्याकाळी बरंच सुनावलं मला. ते मला सोपं गेलं. मुलगा रागावला, मी ऐकून घेतलं, संपलं. तुमचं गप्प राहणं संपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सईचा फोन आला. तो तिचा बसून राहायचा दिवस. मी जवळ होते, मी उचलला. ती म्हणाली, “हाय आजी. आय ॲम फाइन. कॅन आय टॉक टू नागपूर आजी?” मी फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही मागच्या लाकडी डेकवर गेलात आणि काचेचं दार ओढून घेतलंत. मी आतून पाहत होते. तुम्ही काहीतरी सांगत होतात, मान डोलावत होतात, आणि मग हसलात. पोट धरून हसलात, विहीणबाई. कठड्याला टेकून. कुंपणाशी ब्लॅकबेरीची झुडपं लगडली होती आणि तुम्ही हसत हसत एक एक तोडून तोंडात टाकत होतात. मला वाटलं, हसताहेत ते मलाच. हसू देत. पण आत आलात तेव्हा डोळे पुसत एवढंच म्हणालात, “जेवली म्हणते. पास्ता.”

त्या शनिवारी बॉथेलमधल्या मराठी बायका जमल्या होत्या एकीच्या घरी. कोणीतरी मला विचारलं, काय हो काकू, नातीला एअरपोर्टवर पकडलं म्हणे? तुम्ही लगेच म्हणालात, “अगं बाप्पा, पकडणार होते ते मलाच! मी डबाभर लाडू घेऊन गेली तिथं.” आणि तुम्ही स्वतःचीच नक्कल केलीत, पदर खोचून, गोऱ्या पोरांच्या तोंडात लाडू कोंबत. सगळ्या हसून लोळल्या. पुरचुंडीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. माझ्या ताटात तुम्ही बोलता बोलता एक पुरी वाढलीत. मी ती खाल्ली. तिची चव अजून तोंडात आहे आणि ती चांगली नाही.

सई परत आली, उन्हानं नाक सोललेलं. त्या वर्षी ती मोठ्या गटात गेली नाही. त्या एका दिवसामुळे, असं कोणी म्हणालं नाही. मला एवढंच म्हणाली, “आजी, नेक्स्ट टाइम जस्ट आस्क मी, ओके?” मी ओके म्हणाले. पुढच्या वर्षी ती गेली मोठ्या गटात, पण मधलं ते वर्ष माझ्या नावावर आहे.

मागच्या उन्हाळ्यात आपण पुन्हा त्याच डेकवर बसलो होतो. मी किती दिवस वाक्य घोळवत होते. म्हणाले, “विहीणबाई, त्या वेळी ते लाडू मी तिच्या हातातून...” तुम्ही म्हणालात, “कोणते लाडू? चहा घ्या ताई, थंडा होऊन राहिला.” मी चहा घेतला. मला तेव्हा सुटका वाटली. ती सुटका आता लाजेपेक्षा जड झाली आहे. तुम्ही बोलण्याचं दार लावलं नव्हतंत. मीच ते लावून घेतलं आणि चहा प्याले.

असं सगळं मनात घेऊन मी परवा रविवारी सईला फोन केला. ती सोळा वर्षांची आहे, आवाज तुमच्यासारखा जाड होत चालला आहे. रडत होती. म्हणाली, सीझन सुरू होतोय आणि मला नागपूर आजीचा फोन येणार नाही. मला माहीत नव्हतं की तुम्ही प्रत्येक शर्यतीच्या सकाळी तिला फोन करत होतात. मी विचारलं, काय बोलायची आजी?

ती रडता रडता हसली. म्हणाली, “शी वुड जस्ट आस्क, ‘बुटात पाहिलं का?’”

मी विचारलं, “कुठल्या बुटात?”

“सॉरी आजी. तिनं प्रॉमिस घेतलं होतं, तुला नाही सांगायचं. बट नाऊ...” आणि मग तिनं डेकवरचं ते बोलणं सांगितलं. मराठी तिचं मोडकं, पण तुमची वाक्यं तिनं तुमच्या चालीत सांगितली. सई म्हणाली होती, आय हेट हर, ती मला काही करू देत नाही आणि स्वतः रूल मोडते. आणि तुम्ही म्हणालात, “अगं पोट्टे, तुझ्या हेडबाई आजीनं जन्मात पहिल्यांदा कॉपी केली, अन् पहिल्याच पेपरात सापडली! कॉपी कशी करावी तेही येत नाही बिचारीला. बुटात ठेवते का कोणी? जे हुशारीनं लपवतात त्यांच्यावर राग धरावा. हिच्यावर कशाला? घाबरली होती बापडी तुझ्यापायी. तिला हे सांगू नको मात्र. माझ्यासारखी हसणार नाही ती. घरात जाऊन रडेल.”

फोन ठेवल्यावर मी घरात जाऊन रडले. तुम्ही मला ओळखलं होतंत, आणि मी तुमच्याबरोबर एका घरात राहून तुमच्या बोलीतल्या चुका काढत होते.

तर टोमणा होता. दुसऱ्याच दिवशी तयार होता, आणि काय फर्मास होता. माझ्या शाळेतल्या एकाही बाईला असा सुचला नसता. तो तुम्ही माझ्या पाठीमागे, माझ्याच नातीच्या कानात ठेवून दिलात, आणि त्या एका टोमण्यानं तिला माझ्याकडे परत पाठवलंत. तीन वर्षं तुम्ही दोघी माझ्यावर हसत होतात, म्हणून ती माझ्यावर रागावलेली राहिली नाही. मी मात्र माझ्या ताठ खुर्चीत बसून, आता म्हणतील, आता म्हणतील करत राहिले. तुमच्याशी हसायचे तेवढे सगळे दिवस गेले.

सईची पहिली शर्यत येत्या शनिवारी आहे. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, “आजी, विल यू आस्क मी?” मी हो म्हणाले आहे. कालपासून खोलीचं दार लावून म्हणून बघते आहे. शब्द तीनच आहेत, पण माझ्या तोंडातून ते हजेरी घेतल्यासारखे येतात. तुम्ही कसे म्हणत होतात ते मी कधी ऐकलंच नाही.

शनिवारी सकाळी जरा जवळ राहा, कमलताई. माझा हेडबाईचा आवाज लागू नये, एवढं बघा.